हाताला बसेल तो कीबोर्ड

जून सरत आला की दिवाळी अंकांच्या संपादकांकडे मजकूर येऊ लागतो. तो किती रूपांत येतो, हे एकदा पाहण्यासारखं आहे. एका ज्येष्ठ लेखिकेची कथा फुलस्केपवर, निळ्या शाईत, कुरिअरने. दुसऱ्या एकांनी तशाच फुलस्केपचे फोनवर फोटो काढून धाडलेले. सातवं पान आडवं आणि नवव्या पानाच्या कोपऱ्यात अंगठा. एखादी वर्डची फाइल उघडावी तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा, आणि मेलमध्ये ओळ : ‘फॉन्ट सोबत जोडला आहे.’ तो जोडलेला नसतो. कुणी पीडीएफ पाठवतं आणि वर ‘किरकोळ दुरुस्त्या आपल्याकडेच करून घ्याव्यात’ असं सुचवतं. कुणी अख्खा ललित लेख व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी सोडतं, मध्येच एक ‘सुप्रभात’. अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे : फोनला बोलून लिहवून घेतलेला लेख. त्यात दोन हजार शब्द असतात आणि पूर्णविराम एकही नसतो.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा ही भानगड नव्हती. लेखकाने हाताने लिहायचं, जुळाऱ्याने खिळे जुळवायचे. आता लेखकच जुळारी झाला आहे, आणि कुठल्या अवजाराने जुळवायचं हेही त्यानेच ठरवायचं आहे. ठरवतं मात्र क्वचितच कुणी. बहुतेकांच्या संगणकात जे असतं ते दुसऱ्याने घालून दिलेलं : दुरुस्तीला आलेल्या मुलाने, ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याने, नाहीतर सुटीत आलेल्या भाच्याने.

‘मराठी टायपिंगला चांगलं काय?’ असं मला वकील विचारतात, शिक्षक विचारतात, सोसायटीचे सेक्रेटरीही विचारतात. मला उत्तर देता येत नाही, कारण जे आधी सांगायला हवं ते कुणी सांगत नाही. दिवसाला किती लिहिता? बोटांना आधीपासून कशाची सवय आहे? आणि लिहून झाल्यावर तो मजकूर कुणाच्या हातात जाणार आहे? या शेवटच्या प्रश्नाचा विचार तर जवळजवळ कुणाच्याच मनात येत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. म्हणून या उन्हाळ्यात, मराठी अक्षरं उमटवण्यावर ज्यांचं पोट चालतं किंवा ज्यांचं रोजचं काम त्यावाचून अडतं, अशा काही जणांकडे जाऊन बसलो.

*

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर डीटीपीचं दुकान आहे. मालक साठीला आलेले. टेबलावर दोन संगणक. नव्यावर इनडिझाइन, इंटरनेट, जीएसटीची बिलं. जुन्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि श्रीलिपी. जुन्याला इंटरनेट कधी जोडलेलंच नाही. ‘व्हायरस येणार कुठून?’ असं ते उलट मलाच विचारतात. त्यांच्याकडची पेजमेकरची सात नंबरची आवृत्ती २००१ सालची. ॲडोबीने तिच्यापुढची काढलीच नाही. कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेल्या सॉफ्टवेअरवर हे गृहस्थ अजून घर चालवतात.

हे ऐकून हसू येईल, पण त्यांना काम करताना पाहिलं की ते ओसरतं. हस्तलिखित डाव्या हाताला उभं लावलेलं. नजर कागदावरून हलत नाही. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजून गुळगुळीत झालेली, पण खाली बघायचंच नसेल तर अक्षरं हवीत कुणाला? एखादं अडनिडं जोडाक्षर आलं की आल्ट दाबून आकड्यांच्या कळांवर चार आकडे मारतात. असे कितीतरी आकडे पाठ आहेत. कागदावर कुठे लिहून ठेवलेले नाहीत. मी बसलो होतो तेवढ्यात एका कादंबरीची गॅली निघाली, प्रूफं वाचायला गेली आणि चहाही झाला.

मराठी अक्षराला मराठी म्हणूनच ओळखणाऱ्या युनिकोडवर का जात नाही, असं विचारलं. ‘जातो की. प्रकाशकाने मागितलं तर त्या मशीनवर बसतो. पण तिथे हीच बोटं अडखळतात. मला पानाचे पैसे मिळतात, अडखळण्याचे कोण देणार?’

हिशेब बिनचूक आहे, निदान त्यांच्या बाजूने. जुन्या फॉन्टांची रीत मात्र समजून घ्यायला हवी, कारण बाकीच्यांची डोकेदुखी तिथून सुरू होते. त्या फॉन्टांनी संगणकाला मराठी शिकवलंच नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले, एवढंच केलं. घरोघरी पोचलेला कृतिदेव घ्या. त्यात ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर यंत्राच्या लेखी तो असतो ई, जे, के, मोठा बी आणि एच. कृतिदेव असेल तोवर डोळ्यांना ‘मराठी’ दिसतं. फॉन्ट काढून घेतला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. श्रीलिपीची वाटणी वेगळी, शिवाजीची वेगळी, सीडॅक या संस्थेच्या सुरेखची आणखी वेगळी. एकाची फाइल दुसऱ्यात उघडली की मराठीही नाही आणि इंग्रजीही नाही असं काहीतरी समोर येतं.

शिवाय टाइपरायटरचा वारसा. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे, कारण कागदावर ती आधी येते. जुन्या फॉन्टांनी तोच क्रम ठेवला : ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो. क आधी, वेलांटी नंतर. रफाराचं बरोबर उलटं. ‘अर्क’मधला रफार जुन्या रीतीत क नंतर यायचा, युनिकोडमध्ये र आधी येतो. त्यामुळे जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरला नुसता आकार बदलून भागत नाही, प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. साध्या अक्षरांशी ते जमतं. तीन व्यंजनांचं जोडाक्षर आलं, त्यावर वेलांटी आणि रफार दोन्ही असले, की ते शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. असा बदलून आलेला मजकूर प्रूफरीडरच्या हाती पडला, तर नव्याने टाइप करून घेतला असता तर बरं, असं त्याला हमखास वाटतं.

*

पुण्यातल्याच एका महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका जन्मापासून अंध आहेत. त्या एनव्हीडीए वापरतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोघांनी २००६च्या सुमारास सुरू केलं. दोघेही अंध. ते फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं. बाईंच्या संगणकाचा पडदा बहुतेक वेळ बंदच असतो. वीज का जाळायची, असं त्यांचं म्हणणं. मजकूर त्या इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही.

त्यांनी मुद्दाम वेग कमी करून मला एक परिपत्रक ऐकवलं. ते जुन्या फॉन्टात होतं. यंत्र अत्यंत गंभीर आवाजात असंबद्ध इंग्रजी अक्षरं म्हणत होतं, मध्येच ‘सेमिकोलन’, मध्येच ‘ब्रॅकेट’. ‘हे तातडीचं होतं म्हणे,’ बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे येणाऱ्या कागदपत्रांत याहून वाईट एकच प्रकार असतो : कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ. जुन्या फॉन्टात निदान बडबड तरी ऐकू येते. स्कॅनमध्ये यंत्र ‘कोरं पान’ म्हणून गप्प बसतं, मग गूगल लेन्ससारखं काहीतरी लावून चित्रातून अक्षरं काढावी लागतात, आणि आकड्यांच्या तक्त्यापाशी तेही हात टेकतं.

विद्यार्थ्यांना त्यांनी पहिल्याच तासाला नियम घालून दिलाय. निबंध युनिकोडमध्ये हवा, कुठल्याही कीबोर्डवर लिहा, फोनवर लिहा, बोलून लिहा. ‘मला मेलमध्ये नुसता मजकूर चिकटवून पाठवला तरी चालतो. सजावट माझ्या कामाची नाही.’

पेठेतल्या मालकांचा हिशेब इथे अपुरा पडतो. त्यांच्या श्रीलिपीची खरी किंमत त्यांच्या बिलात कुठेच येत नाही, ती बाईंसारखे लोक भरतात. ती लेखकही भरतात. वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं सदर लिहिणाऱ्या एका लेखकाकडे सगळ्या जुन्या फाइली नीट जपलेल्या आहेत, उघडतातही. पण अमुक माणसाबद्दल आपण कधी काय लिहिलं होतं ते शोधायचं म्हटलं तर एकेक फाइल डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही. छापायचंच असेल आणि दुसरं काहीच करायचं नसेल, तर फॉन्ट कुठलाही असो. मजकूर कुणाला पाठवायचा असेल, शोधायचा असेल, कुणी ऐकायचा असेल, तर तो युनिकोडमध्येच हवा. यात मधला मार्ग मला तरी दिसत नाही.

*

यावरचा तोडगा फार आधीच, आणि बराचसा पुण्यातच, तयार होता. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि १९८८मध्ये सीडॅकबरोबर पुण्यात आलं. त्या काळच्या डॉस संगणकात जिस्ट कार्ड खुपसलं की पडद्यावर देवनागरी दिसायची. कीबोर्डची इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८६ची. भारतीय लिप्यांसाठीचा इस्की हा संकेत १९९१मध्ये भारतीय मानक झाला, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची बैठक इस्कीवरूनच बेतलेली होती.

मग पेठेतल्या दुकानांनी ते का घेतलं नाही? कारण पानं लावायचं सॉफ्टवेअर त्यांना लागत होतं, आणि त्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं कळत नव्हती. पेजमेकरला ती शेवटपर्यंत कळली नाहीत. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय आली २०१२च्या सुमाराला, सीएस ६ या आवृत्तीत. मानक तयार असूनही पुस्तक छापणाऱ्याला ते वापरता येत नाही, अशी वीसेक वर्षं गेली. त्या काळात ज्यांची बोटं जुन्या फॉन्टांवर घट्ट झाली, त्यांना आज मागासलेले म्हणणं सोपं आहे. दुसरं काय हाती होतं, ते सांगा.

घरगुती वापराचा रस्ता थोडा आधी मोकळा झाला. विंडोज २०००मध्ये मराठी आलं, सोबत मंगल हा टंक आला. तो रेखाटणारे र. कृ. जोशी हे सुलेखनकार होते आणि मराठी कवीही. एक्सपीवर मराठी चालू करायला कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि विंडोजची सीडी घालावी लागे. ती सीडी कुणाकडेच नसायची. युनिकोड मराठी घराघरांत उशिरा पोचलं त्यात या न सापडणाऱ्या सीडीचा वाटा आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

इनस्क्रिप्टबद्दल लिहिताना माझा पक्षपात धरून चाला, कारण मी त्याच्यावरच लिहितो. मांडणी ढोबळमानाने अशी : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. इंग्रजीच्या के या कळीवर क, शिफ्ट दाबला की ख. ग असेल तिथेच घ, त असेल तिथेच थ, प असेल तिथेच फ. काना, वेलांटी, उकार यांच्या कळा शिफ्टबरोबर दाबल्या की आ, इ, उ. पाय मोडायचा तर डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली हलंत असतो. वर्णमाला येणाऱ्याला यातलं निम्मं न शिकवता समजतं. बंगाली, गुजराती, कन्नड कीबोर्डवरही क त्याच जागी आहे. विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, मांडणी आतच असते. सेटिंगमध्ये जाऊन भाषा जोडली की झालं. पैसे पडत नाहीत, आणि उद्या कुठली कंपनी बुडाली तरी ती नाहीशी व्हायची नाही. गूगलने आपलं संगणकावर उतरवून घेण्याचं इनपुट टूल एक दिवस मागे घेतलं, तेव्हा त्याच्या भरवशावर असलेल्यांची जी धावपळ झाली ती आठवत असेल.

इतकं असूनही इनस्क्रिप्ट प्रत्येकाने शिकावं असं मी म्हणणार नाही. पहिले काही आठवडे फार चिडचिड होते, आणि महिन्याला दोन पत्रं लिहिणाऱ्याने ती सोसावी कशाला? रोज पानभर तरी लिहिणाऱ्याला ती फिटते. लेखक, अनुवादक, वार्ताहर, कोर्टाचे कागद मराठीत करणारे वकील यांनी कुरकुर न करता शिकावं.

*

कराडला बसस्टँडजवळ एक टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. मागच्या खोलीत गोदरेजची टाइपरायटरं एकावर एक रचलेली, वर मेणकापड. गोदरेजने १९५५मध्ये टाइपरायटर बनवायला घेतलं होतं. या खोलीत त्या साऱ्या कारकिर्दीचा शेवट गंजतोय. पुढच्या खोलीत संगणक आणि टायपिंग शिकणाऱ्या मुलामुलींची गर्दी, मुली जास्त. यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लिपिक-टंकलेखकाची जागा असते. त्यासाठी मराठीचं मिनिटाला ३० शब्दांचं, नाहीतर इंग्रजीचं ४०चं प्रमाणपत्र लागतं.

इथे रेमिंग्टनच शिकवतात. टाइपरायटरचीच मांडणी, जशीच्या तशी. संचालकांना इनस्क्रिप्टबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘सर, माझ्याकडे शिकवणाऱ्या दोघी रेमिंग्टनवर शिकल्या. त्यांना शिकवणारा मीही. सरावाची पुस्तकं तीच. मुलीला परीक्षेत पास व्हायचंय, तिला मानकाशी काय करायचंय?’ बाहेर पडताना एका मुलीशी बोललो. मिनिटाला ३० शब्दांचा सराव संपवून ती फोनवर मैत्रिणीला मराठीतच काहीतरी लिहीत होती, इंग्रजी अक्षरांत. रेमिंग्टन फक्त वर्गात आणि परीक्षेत. इतक्या मेहनतीने कमावलेली कला घरच्या फोनवर चालत नाही, याचं तिला काही वाटत नव्हतं. मलाच वाटलं.

फोनवर तर निवड आणखी मोकळी आहे, आणि लोक सगळ्यात पहिली दिसेल ती घेतात. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणं, म्हणजे ‘काय करतोस’साठी के, ए, वाय दाबत जाणं आणि वर येणाऱ्या पर्यायांतून बोट ठेवणं, हे छोट्या निरोपांना उत्तम. फोन अंदाज बांधतो आणि सरावाच्या शब्दांत तो बहुतेक बरोबर निघतो. गडबड होते ती ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांत, आणि आडनावांत, गावांच्या नावांत. लांब मजकुराला मात्र हा मार्ग मला पटत नाही. प्रत्येक शब्दाला थांबून पर्याय निवडायचा, तर वाक्याचा धागा हातात राहात नाही.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या विभागाने २०१३च्या सुमारास स्वरचक्र नावाचा कीबोर्ड काढला. बालभारतीत असतात तशी क, ख, ग, घ ओळीने मांडलेली. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चक्र उमटतं, का, कि, की, कु असं, बोट न उचलता हव्या त्या बाजूला सरकवायचं आणि सोडायचं. बाराखडी आली पाहिजे, बस्स. इंग्रजी यायची गरज नाही. मराठी शाळेत शिकलेल्या आणि फोन नव्याने घेतलेल्या आईवडिलांना मी हेच दाखवतो. ज्यांच्या हातांना थरथर आहे, त्यांना मात्र बोट दाबून सरकवणं जमत नाही. त्यांनी सरळ बोलावं.

बोलण्याची सोय गूगलने मराठीसाठी २०१७च्या ऑगस्टमध्ये आणली, आणि माझ्या पाहण्यात तिचा सगळ्यात हुशारीने उपयोग राजापूर तालुक्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केला आहे. गुरुजी आठवणी लिहीत आहेत. बंगळूरच्या पुतण्याने त्यांना लॅपटॉप पाठवला, वर्ड घालून दिलं. गुरुजी तीन ओळी लिहीत आणि दमत. मग पुतण्याने फोनवर बोलून लिहायला शिकवलं. तेही जमेना, कारण समोर कागद नसला की गुरुजींना सुचेना. नुसतं बोलायला लागले की वर्गात बोलल्यासारखं एका गोष्टीतून दुसरी निघायची. शेवटी त्यांनीच आपली रीत बसवली. सकाळी वहीत पेनाने लिहायचं. दुपारी वीज असेल तर तेच पान फोनला हळूहळू वाचून दाखवायचं. संध्याकाळी सूनबाई पूर्णविराम आणि परिच्छेद घालते. ‘काका, अजून वही?’ असं पुतण्या विचारतो. वही राहणार, लॅपटॉप कपाटात गेला आहे.

या रीतीचा त्यांना एक अनपेक्षित लाभ झाला. मोठ्याने वाचताना दम लागला की वाक्य लांबलंय हे कळतं. गुरुजी तिथल्या तिथे ते तोडतात. अडचणी आहेतच. यंत्राला ओळखीची ती प्रमाण मराठी. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडची मालवणी वाक्यं वाचली की ते त्यातल्या त्यात जवळचा प्रमाण शब्द लिहून मोकळं होतं. ती वाक्यं सूनबाई हाताने घालते. मध्यंतरी पुतण्याने मजकूर नीटनेटका करून देणारं एक एआयचं साधन सुचवलं होतं. विरामचिन्हं त्याने सुरेख घातली, पण ‘न्हाणीघर’ जाऊन ‘स्नानगृह’ आलं, ‘पडवी’चा ‘व्हरांडा’ झाला. गुरुजींनी ते पान फाडलं नाही, वहीत चिकटवून ठेवलंय, पाहुण्यांना दाखवायला. अशा साधनाला ‘फक्त विरामचिन्हं घाल, एकही शब्द बदलू नकोस’ असं बजावून सांगितलं तर ते बहुतेक ऐकतं. तरी मूळ प्रत जपून ठेवावी आणि ओळीला ओळ लावून पाहावी. वकिलांनी आणि डॉक्टरांनी आणखी एक बघावं : बोललेलं किंवा चिकटवलेलं बऱ्याचदा कंपनीच्या संगणकावर जाऊन मग परत येतं. अशिलाचं नाव त्यात असू नये.

*

हे सारं ज्यांना निवडायची मुभा आहे त्यांच्याबद्दल झालं. २०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारकडून मिळालेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन तापतात, त्यांची क्षमता अपुरी आहे, बंद पडले तर दुरुस्ती पदरची. आणि केंद्राच्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये माहिती भरायची ती इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. बाळाचं वजन, उंची, गरोदर बाईची नोंद, सगळं त्या वर्षानुवर्षं रजिस्टरात स्वच्छ मराठीत लिहीत आल्या होत्या. साधन निवडताना त्या रजिस्टरात कोण काय लिहितं हे कुणी जवळ बसून पाहिलं असतं, तर निम्मं आंदोलन झालंच नसतं. एका ऑफिससाठी, शाळेसाठी, पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनाही माझं हेच म्हणणं आहे : वापरणाऱ्या बाईला डेमोच्या दिवशी खुर्चीत बसवा. साहेबाने माउस हातात घ्यायचा आणि बाकीच्यांनी मागे उभं राहायचं, ही पद्धत बंद करा.

पैशाचं थोडक्यात. घरी पत्र, लेख, हिशेब करणाऱ्याने चोरीचं ऑफिस वापरण्यात आज काही अर्थ नाही. लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठी नीट चालतं, त्याला जोडता येणारा मराठी शब्दतपासनीसही फुकट आहे. दोघांतिघांनी मिळून एकाच मजकुरावर काम करायचं असेल आणि इंटरनेट टिकत असेल, तर गूगल डॉक्स बरं. टंकांचीही चणचण उरलेली नाही. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे, टिरो देवनागरीची खास मराठी वळणाची आवृत्ती आहे. मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं आहे. हिंदी वळणाचा श मराठी लग्नपत्रिकेवर पाहिला की माझं लक्ष तिथीवरून उडतं. पत्रिका काढणाऱ्यांना हे चालत असेल तर माझी काही हरकत नाही.

विकत घ्यायच्या आधी, किंवा पुतण्याच्या हवाली होण्याआधी, चार शब्द लिहून पाहा. ‘तऱ्हा’ : पुष्कळ ठिकाणी यातला र वर चढतो आणि ‘तर्हा’ होतं. ‘ॲप’ : यातलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं, त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र देत. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी वेगळे. एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. ‘कॉफी’, कारण बऱ्याच जणांना तो चंद्र आणि काना एकत्र कुठे मिळतो तेच माहीत नसतं. आणि ‘वाङ्मय’. संस्थांच्या पाट्यांपासून पुस्तकांच्या मलपृष्ठांपर्यंत या शब्दाचं ‘वाड्मय’ झालेलं आहे, कधी ड च्या पोटाशी टिंब देऊन वेळ मारून नेलेली असते. हे चार शब्द स्वतःलाच व्हॉट्सॲपवर धाडा, दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडा, तिथे शोधून बघा. विक्रेता समोर असेल तर त्यालाच लिहायला सांगा. ‘वाङ्मय’पाशी तो अडला तर त्याला थोडा वेळ द्या. कळ आहे. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून, ‘ह’च्या जागी.